तिसावा आणि एकतिसावा खिळा

तीन दिवस झोडपत असलेला पाऊस बुधवारी पहाटे थांबला आणि ओदिली सेर्दास गमबूट चढवून दरडीकडे निघाली. फेब्रुवारीतला पाऊस तो. उत्तरेकडून गार वारा सुटला की ओरोसीच्या खोऱ्यात असा अवेळी पाऊस ठाण मांडून बसतो आणि चांगले उन्हाचे दिवस नासवून जातो.

दरड म्हणजे ला पेन्या वाडीतून खाली नदीकडे उतरणाऱ्या पायवाटेच्या कडेची मातीची उभी भिंत. पुरुषभर उंच, चाळीस पावलं लांब. तिच्या वर गुरांचं कुरण, तिच्या खाली चार घरं. त्या भिंतीत ओदिलीच्या माश्या राहत.

‘ओदिलीच्या’ हे वाडीनं चेष्टेत लावलेलं. एरवी त्या साऱ्यांच्याच ओळखीच्या होत्या. कॉफीच्या तोडणीला उभं राहिलं की कोपराच्या वळणात, मानेवर येऊन बसत आणि घाम चाटत. तांदळाच्या दाण्याएवढी, मधमाशीच्या कुळातली माशी. लोक चापट मारत आणि पुढचं झाड धरत. ओदिलीनंही वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत तेच केलं होतं. ती शाळेत मुलांचं जेवण रांधायची, सुट्टीत कॉफी तोडायची. चौघी बहिणींतली थोरली. तिघी लग्नं करून राजधानीला, सान होसेला गेल्या, ही आईपाशी राहिली. बहिणींची बाळंतपणं केली, भाच्यांना न्हाऊमाखू घातलं, आईला शेवटपर्यंत सांभाळलं. आई गेल्यावर दोन वर्षांनी विद्यापीठातली इव्हानिया नावाची एक बाई दरडीपुढं गुडघ्यावर बसलेली तिला दिसली.

“या माश्या रोज असतात का हो इथं?” बाईनं मान न वळवता विचारलं.

“असतात की. घाम चाटतात. मारा चापट.”

“मारू नका. बसा ना जरा.”

ओदिली बसली ती दोन तासांनी उठली. घरी घेवडा करपून कोळसा झाला होता.

इव्हानियानं तिला बघायला शिकवलं. दरडीत राहणाऱ्या काळपट माश्या एकट्या. शेजारी-शेजारी पन्नास बिळं, पण प्रत्येकीचं दार वेगळं, चूल वेगळी. पायवाटेच्या सपाट मातीत निळसर झाक असलेली दुसरी जात. त्यांच्या एकेका बिळात आई आणि तिच्या मुली. मुली बाहेर जाऊन पराग आणत, आई अंडी घाली, आणि एक जण कायम दारात तोंड घालून बसलेली. घरची आली की मागं सरून वाट द्यायची. परकी आली की पाठ फिरवून बुडानं दार बंद. कुजक्या ओंडक्यात राहणारी हिरवीगार, पाचूच्या कपचीसारखी. आणि एक लाल पोटाची चोरटी, जी स्वतः काहीच कमवत नाही. दुसरीच्या घरात शिरून तिथल्या शिदोरीवर आपलं अंडं ठेवते. “या सगळ्या एकाच घराण्यातल्या,” इव्हानिया म्हणाली, तेव्हा ओदिली हसली होती. “आमच्यासारख्याच की मग.”

दोन वर्षांनी इव्हानियाचं काम संपलं, ती परदेशी गेली. ओदिलीला थांब असं कुणी सांगितलं नाही, म्हणून ती थांबली नाही. दरडीत प्रत्येक बिळाशेजारी एक खिळा, खिळ्याला पत्र्याचा बिल्ला, बिल्ल्यावर आकडा. अठ्ठावन्न बिल्ले. दरडीच्या दोन टोकांना दोन पहारी रोवून त्यांच्यामध्ये सुतळी ताणलेली. दर आठवड्याला ती खिळ्यापासून खिळ्यापर्यंतचं अंतर मोजून वहीत लिहायची, म्हणजे पावसानं एखादं बिळ बुजलं तरी त्याची जागा हरवू नये.

त्या सकाळी सुतळी मधोमध तुटून चिखलात पडली होती. गाय गेली असेल, असं म्हणून तिनं मोजायला घेतलं. पहिल्यापासून तिसाव्यापर्यंत सगळं वहीबरहुकूम. तिसावा आणि एकतिसावा यांच्यामध्ये वहीत एक वीत होती. आता एक वीत आणि चार बोटं भरली.

तिनं वही मागं चाळली. तीन वर्षं एक वीतच. एकतीस ते अठ्ठावन्न मोजले. पुन्हा बरोबर, बोटाचाही फरक नाही.

खिळे ओल्या मातीत सैल झाले असते तर एखादा इकडं, एखादा तिकडं झाला असता. इथं अर्धी दरड जिथल्या तिथं होती आणि उरलेली अर्धी, अठ्ठावीस खिळ्यांसकट, एका अंगानं बाजूला झाली होती.

तिनं दोन खिळ्यांमधलं नेचं उपटलं. मागं भेग होती. हात घातला तो मनगटापर्यंत आत गेला. एकतिसाव्या बिळाचा बोगदा भेगेनं उभा कापला होता. आतल्या कोठड्या, आतून चिकण्या घोटलेल्या, प्रत्येकीत पिवळ्या परागाची गोळी, सगळ्या उघड्यावर. आणि त्या बिळाची मालकीण दारात बाहेर तोंड करून बसली होती. मागची भिंतच गेली होती आणि ती दार राखत होती.

ओदिलीनं वर पाहिलं. कुरणाच्या कुंपणाची तार इतकी ताणली होती की वाऱ्यानं वाजत होती. खाली पाहिलं. चार घरं, चार धुरांडी. अकरा माणसं. ती मनात मोजतच उतरली.

पहिलं घर नाउतिलिओ सोहोचं, आणि नेमकं तेच अवघड होतं.

तीन वर्षांपूर्वी नाउतिलिओ पाठीवर फवारणीचा पंप लावून दरडीवर आला होता. माश्यांनी भिंत पोखरलीय, एक दिवस ती अंगावर येईल, असं त्याचं म्हणणं. ओदिलीनं त्याला विनवलं, तो ऐकेना. तेव्हा ती म्हणाली, “मार औषध. पण काल त्या नेच्यात तेर्सिओपेलो शिरताना बघितलाय मी. मनगटाएवढा जाड.” तेर्सिओपेलो म्हणजे त्या भागातला सगळ्यात जहरी साप. नाउतिलिओ पंप घेऊन परत गेला. पण मग त्याची मुलगीही त्या वाटेनं जाईना. वर्षभर ती पोर कॉफीच्या मळ्यातून, चिखलातून, लांबच्या वळशानं शाळेत आली. नाउतिलिओनं साप धरणारा आणला, त्याला काही सापडलं नाही. ओदिली एकदा दुकानात हसता हसता बोलून गेली, आणि खोटं उघडं पडलं. तेव्हापासून तो तिच्याशी बोलत नव्हता. त्याची बायको फ्लोरी तेवढी बोलायची, कारण तिच्या त्याच पोरीला बाप्तिस्म्याच्या वेळी ओदिलीनं हातात धरलं होतं. दोघी एकमेकींना ‘कोमाद्रे’ म्हणत. ते नातं तोडता येत नाही.

आणि आता येत्या शुक्रवारी नाउतिलिओ माती खणायचं यंत्र आणणार होता. दरड कापून त्याला वाट रुंद करायची होती, चायोते या वेलावरच्या भाजीची खोकी न्यायला ट्रक थेट दारात यावा म्हणून.

तो ओट्यावर कोयत्याला धार लावत होता.

“नाउतिलिओ, टेकडी सरकतेय. माणसं बाहेर काढ.”

त्यानं मान वर केली नाही. “फ्लोरी,” त्यानं आत हाक मारली, “तुझी कोमाद्रे आलीय. विचार तिला, आज कुठला साप बघितला.”

“भेग पडलीय दरडीला. माझा हात आत गेला.”

“शुक्रवारी यंत्र येतंय, कळलं वाटतं बाईला.”

“यंत्राचा काही संबंध नाही रे.”

“नाही कसा? परवा दरड कापायची आणि आज टेकडी सरकते. सोय तरी बघा.”

फ्लोरी तोर्तियाचं, मक्याच्या भाकरीचं, पीठ लागलेले हात घेऊन दारात आली. आतून नाउतिलिओच्या म्हाताऱ्या आईचा, दोन्या तार्सिलाचा, आवाज आला. वाडी तिला मानानं ‘दोन्या’ म्हणे. ती दोन वर्षं खाटेवरून उठली नव्हती.

“कोण आलंय?”

“कुणी नाही, आई.”

“कुणी नाही तर भांडतोयस कुणाशी?”

ओदिलीला रागही येत होता आणि त्या रागाला जागा नाही हेही कळत होतं. “माझ्यावर नको विश्वास ठेवूस,” ती म्हणाली. “माझे खिळेही बघू नकोस. तुझे आण. तुझ्या हातानं ठोक, तुझी सुतळ बांध.”

“मला कामं आहेत.”

“जा,” फ्लोरी म्हणाली. “नाहीतर मी जाते, तोर्तिया तू थाप.”

तो गेला. भेगेच्या दोन्ही अंगांना त्यानं वीतभर लांबीचे दोन खिळे ठोकले, चायोतेच्या मांडवाची जाड सुतळ त्यांना करकचून बांधली. “झालं समाधान?” म्हणून समोरच्या दगडावर बसला. फ्लोरी मागोमाग कॉफीचा थर्मास घेऊन आली. तिघं बसले. ऊन आलं तशा बिळांतून माश्या निघू लागल्या. एक नाउतिलिओच्या मानेवर बसून घाम चाटू लागली. त्याचं लक्ष सुतळीवर होतं. त्यानं तिला हाकललं नाही.

सुतळ तुटली नाही. उजवीकडचा खिळा हळूहळू वाकला, त्याच्याभोवतीची माती खवल्यासारखी सुटली, आणि तो निसटून नाउतिलिओच्या बुटाजवळ येऊन पडला. कॉफी अजून गरम होती.

“माती ओली आहे,” तो म्हणाला. “ओल्या मातीतून खिळा निघतोच.”

पण त्याचा आवाज बदलला होता, आणि फ्लोरी तोवर घराकडं पळत सुटली होती.

दहा वाजेपर्यंत चारही घरं रिकामी झाली. शाळा वरच्या धारेवर, पक्क्या खडकावर होती, सुट्टीमुळं रिकामीच, आणि जेवणघराची किल्ली ओदिलीच्या कमरेलाच असायची. दोन्या तार्सिलाला खुर्चीत बसवून दोघा शेजाऱ्यांनी वर आणलं. “माझा कोंबडा राहिला,” ती वाटभर ओरडत होती. “तुम्हाला म्हातारी सापडते, कोंबडा सापडत नाही!”

वाडीतला एकमेव फोन चेपेच्या दुकानात. ओदिलीनं कार्तागोच्या आपत्ती निवारण कचेरीत फोन लावला. पलीकडच्या माणसानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “आपण कोण? इंजिनियर?”

“शाळेत जेवण रांधते मी.”

त्यानं वाडीचं नाव लिहून घेतलं. “उद्या माणूस पाठवतो.”

मग वाट बघणं सुरू झालं. सकाळच्या घाईपेक्षा ते वाईट निघालं. आभाळ धुतल्यासारखं निळं, ऊन लख्ख. ओदिलीनं अकरा जणांना भात-घेवडा रांधून वाढला, गुळाचं गरम पाणी दिलं. बारा वाजले, एक वाजला. खिडकीतून टेकडी दिसत होती, हिरवीगार आणि जागच्या जागी.

“काय ग ओदिली,” शेजारचा एक जण म्हणाला, “टेकडीला निरोप नीट पोचलाय ना?”

लोक हसले. तीही हसली. तिला दोन गोष्टींची भीती वाटत होती. टेकडी पडेल याची एक. दुसरी तिनं आयुष्यात कुणाला सांगितली नाही. टेकडी पडली नाही तर काय, याची. संध्याकाळी सगळे घरी जातील, उद्या माणूस येऊन मान हलवेल, शुक्रवारी यंत्र येईल, आणि ती मरेपर्यंत साप दाखवणारी बाई राहील. भांडी घासताना तिच्या लक्षात आलं की आपण टेकडी पडावी म्हणून वाट बघतोय. तिनं पातेलं खाली ठेवलं आणि ओले हात तोंडावरून फिरवले.

तीन वाजता फ्लोरी धावत आत आली. “तो गेला! खोकी आणतो म्हणाला, आणि डुकरीण. मी अडवलं, ऐकला नाही.”

ओदिली पळाली. चोपन्नाव्या वर्षी, एप्रनसकट. दरडीच्या वाटेनं जायचं तिचं धाडस झालं नाही. ती कॉफीच्या मळ्यातून उतरली, त्या पोरीच्या लांबच्या वळशानं. नाउतिलिओ अंगणात होता. तीन खोकी बाहेर काढली होती, चौथं उचलत होता.

“वर चल.”

“दहा मिनिटं. आठवड्याची तोड आहे ही.”

“नळ उघड.”

“काय?”

“नळ उघड म्हणते ना!”

त्यानं वैतागून अंगणातला नळ फिरवला. टेकडीवरच्या झऱ्यातून येणारं पाणी ते, भर उन्हाळ्यातही कधी न आटलेलं. नळ दोनदा फुसफुसला, चहाच्या रंगाचा एक चिखलगोळा थुंकला आणि गप्प झाला. नळी वर कुठंतरी उपसून निघाली होती.

नाउतिलिओ नळाकडं बघत राहिला.

“साप नव्हता तिथं,” ओदिली म्हणाली. तिला दम लागला होता, शब्द तुटत होते. “कधीच नव्हता. तुझी पोर वर्षभर चिखलातून आली, ती माझ्यामुळं. मी खोटं बोलले, आणि वर हसले. ते खोटं होतं, नाउतिलिओ. हे नाही.”

“हे तीन वर्षांनी सांगतेस?”

“हो.”

त्यानं खोकं खाली ठेवलं. मग डुकरिणीची दोरी सोडवून ओढू लागला. डुकरीण चार पाय रोवून उभी. तो ओढतोय, ती किंचाळतेय. वरून छोटे खडे टपटप येऊ लागले, पत्र्यावर वाजू लागले. ओदिलीनं त्याच्या मनगटावर दोन्ही हातांनी फटका मारला. “सोड!”

दोरी सुटली. दोघं कॉफीच्या मळ्यात शिरले आणि चढू लागले. अर्ध्या वाटेवर आवाज आला. गडगडाट नव्हता तो. कुणीतरी फार मोठं कापड सावकाश फाडावं तसा. ओदिलीनं वळून बघितलं. कुरणातली तीन झाडं उभीच्या उभी खाली चालत येत होती, पानंसुद्धा न हलता. मग ती एकदम आडवी झाली आणि त्यांच्यामागून अख्खी टेकडी आली. कच्च्या मातीचा वास इतका दाट सुटला की श्वास घेववेना. नाउतिलिओनं तिला दंडाला धरून खेचत खडकापर्यंत नेलं. दोघं तिथं बसून राहिले. त्याच्या घराचा पत्रा एकदा वर उचलला गेला, चमकला आणि दिसेनासा झाला.

चार घरं गेली, चायोतेचे मांडव गेले, डुकरीण गेली. माणूस एकही गेला नाही. कोंबडा मात्र दुसऱ्या दिवशी चेपेच्या छपरावर सापडला.

कचेरीतला इंजिनियर ठरल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी आला. तोवर वाडीत दोन तट पडले होते. काही म्हणत, माश्यांनीच टेकडी पोखरली, नाउतिलिओ आधीपासून सांगत होता. काही ओदिलीला हात जोडत. माश्यांनी तिला इशारा दिला म्हणत. पहिल्यांचं बोलणं तिला जास्त लागलं. रात्रभर तिनं स्वतःशी तोच हिशेब घातला होता: त्या दिवशी त्याला फवारू दिलं असतं, तर?

इंजिनियरनं मातीची ढेकळं हातात फोडून बघितली. “बिळं किती खोल?” त्यानं विचारलं.

“वीतभर. फार तर दीड.”

“भेग पाच-सहा मीटर खोल गेली होती. आत चिकणमातीचा थर आहे, पाणी त्याच्यावर साचलं आणि वरचं सगळं घसरलं. माश्यांचा त्यात हात नाही.” मग तो नाउतिलिओकडं वळला. “दरड कापायला कोण येणार होतं म्हणालात?”

“उद्या येणार होतं यंत्र.”

“कापली असती तर यंत्रासकट गेला असतात. पायाच काढून घेत होतात तुम्ही टेकडीचा.”

नाउतिलिओनं टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. ओदिलीकडं त्यानं बघितलं नाही.

इशाऱ्याची गोष्ट मात्र वाढत गेली. खालच्या गावांतून लोक येऊ लागले. आमच्या मळ्यात घर बांधू का, मुलीला तिकडं द्यावी का, असलं काहीबाही विचारू लागले. ओदिली चिडायची. “माश्यांनी मला काही सांगितलं नाही,” ती म्हणायची. “त्यांना काय कळतंय? ती बिचारी दारात बसली होती, तिचं घर मागनं फुटलेलं. मी मोजलं. तुम्हीही मोजा.” कुणी फारच मागं लागलं तर ती खिळे, बिल्ले आणि सुतळ घेऊन त्याच्या उतारावर जायची आणि मोजायचं कसं ते दाखवून यायची. पुढं कचेरीनं खोऱ्यातल्या सहा दरडींवर असे खिळे मारले. त्यातल्या दोन ती आणि फ्लोरी मिळून बघू लागल्या.

इव्हानियाला तिनं पत्रात सगळं लिहिलं. अठ्ठावन्न बिळं गेली, एकही उरलं नाही, हेही लिहिलं. ते लिहिताना मात्र तिला रडू आलं. माणसं वाचली त्या दिवशी ती रडली नव्हती.

नाउतिलिओला वरच्या धारेवर जागा मिळाली. घर उभं राहीपर्यंत आठ महिने ते कुटुंब ओदिलीच्याच दोन खोल्यांत होतं. पहिल्या आठवड्यात तो तिच्याशी फ्लोरीमार्फत बोले. “तिला म्हणावं मीठ कुठंय.” मग एक दिवस म्हातारी खाटेवरून ओरडली, “अरे, ती तुझ्यासमोर उभी आहे, तिलाच विचार की! का आता मिठालाही खिळे ठोकायचेत?” ओदिलीला हसू फुटलं, नाउतिलिओलाही. सापाचा विषय त्यानं त्यानंतर एकदाच काढला.

“पोरीला सांग तू,” तो म्हणाला. “मला सांगून झालं. चालली ती होती.”

पोर तेव्हा अकरा वर्षांची होती. ओदिलीनं तिला स्वयंपाकघरात बसवून सांगितलं. मुलीनं ऐकून घेतलं. “मला रोज वाटायचं, आज चावणार,” ती शेवटी म्हणाली. ओदिलीनं तोर्तिया शेकली, चीज घातलं आणि मुलीपुढं ठेवली. मुलीनं ती खाल्ली, पण त्या दिवशी ती तिच्याशी आणखी काही बोलली नाही.

दोन्या तार्सिला पुढच्या डिसेंबरात नव्या घरात वारली. शेवटचे चार दिवस ओदिली उशाशी बसून होती. बाहेर वारा सुटला होता. पाऊस भरून आला की म्हातारी दर थोड्या वेळानं डोळे उघडून विचारायची, “सरकतंय का ग काही?” आणि ओदिली उठून, खिडकीशी जाऊन, खरोखर बघून येऊन सांगायची, “नाही, दोन्या. सगळं जागच्या जागी आहे.”